खपलीवरची ज्वारी

तात्यांनी केतकीला गिरणीतल्या मोठ्या तागडीच्या एका पारड्यात बसवलं आणि दुसऱ्यात वजनं ठेवायला सुरुवात केली. आधी दहाचं, मग पाचाचं, मग दोनाचं. तागडी जराशी हलून सरळ झाली. तात्यांनी एक किलोचं वजन हातात घेतलं, पारड्यावर धरलं आणि न ठेवताच मागं घेतलं.

"दिवाळीला सतरा होती," ते म्हणाले. "आता श्रावण सरला. सतराच."

"उतरू का तात्या?" केतकीनं विचारलं. ती साखळीला धरून बसली होती. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढं आलेलं. नववं वर्ष संपत आलं होतं तिचं, पण अनोळखी बायका तिला बालवाडीत जातेस का म्हणून विचारायच्या. ती "हो" म्हणून मोकळी व्हायची. पुढचे प्रश्न टळत.

"उतर. आणि शैलजा, तू इकडं ये."

तात्या माझे सासरे. कराडात आमची पिठाची गिरणी आणि तिच्या मागंच घर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, नवरा, सुहास, साखर कारखान्यात नोकरीला. दिवसभर आमची केतकी असायची ती तात्यांजवळ. तीन महिन्यांची होती तेव्हापासून ते तिला ह्या तागडीत बसवत आलेले.

"तुझ्या त्या मिरजेच्या डॉक्टरचं दोन महिने ऐकलं," तात्या म्हणाले. "घरात पोळी भाजली न्हाई. बिस्कीट न्हाई, पाव न्हाई, शेवया न्हाईत. पोरगी ज्वारीची भाकरी खाती. वाढलं काय? काय बी न्हाई. मग दोष गव्हाचा कसा?"

तोच प्रश्न मलाही पडला होता.

निदान आषाढात झालं होतं. रक्ताची तपासणी, मग दुर्बिणीनं आतड्याचा बारीक तुकडा काढून त्याची तपासणी. गहू पोटात गेला की केतकीचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठत होतं. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, तिनंच अन्न शोषलं जातं. केतकीची लव झिजून सपाट झाली होती. खाल्लेलं अंगी लागणार तरी कसं? ह्याला औषध नाही, डॉक्टर म्हणाले. गहू बंद, तोही आयुष्यभर. बंद केला की लव पुन्हा उगवते आणि मूल वाढीला लागतं.

आणि हे मला गिरणीवाल्याच्या घरात सांगायचं होतं.

तात्यांचा एक सिद्धांत होता. माणसानं आपल्या वाडवडिलांनी खाल्लं तेच खावं, म्हणजे रोग जवळ येत नाही. गिऱ्हाईक पोटाची तक्रार सांगायला लागलं की ते आधी विचारायचे, "मूळ गाव कुठलं?" चिपळूणकडचं निघालं तर, "तुम्हाला गहू पचायचा न्हाई, तांदूळ दळून न्या." माणदेशातलं असलं तर बाजरी. एकदा बँकेच्या नव्या मॅनेजरला त्यांनी मूळ गाव विचारलं, तो बिचारा म्हणाला, माझा जन्म मुंबईचा. "मग अवघड हाय," तात्या म्हणाले आणि त्याचा डबा परत दिला.

आमचं स्वतःचं धान्य ठरलेलं होतं. खपली गहू. कृष्णाकाठच्या आमच्या रानात तो तात्यांच्या आजोबांच्या आधीपासून पिकत आलेला.

"हा काय हायब्रीड गहू हाय?" तात्या म्हणायचे. "आपल्या रक्तातला हाय. पाच पिढ्या ह्याच्यावर वाढल्या, आणि सहावीला तो बाधतो? कसं शक्य हाय, तूच सांग. तू शास्त्र शिकलीस."

"खपलीतही तेच प्रथिन असतं तात्या. गहू जुना असो की नवा."

"प्रथिन," ते म्हणायचे, आणि पुढं काही बोलायचे नाहीत.

तागडीच्या त्या दिवशी मात्र ते बोलले. "अविधवा नवमीपर्यंत बघतो. आईच्या तिथीला खपलीची खीर असती, ती केतकी खाईल. पणजीचा प्रसाद हाय. त्यानंतर तिला काय घालायचं ते मी बघतो."

त्यांची आई, सोनाबाई, तात्या बारा वर्षांचे असताना गेल्या. घरात सोळा माणसं होती. पुरुषांना नि पोरांना रोज पोळी, बायकांना भाकरी. सणावाराला बायकाही पोळी खायच्या, पण सोनाबाईंनी जन्मात पोळी तोंडात घातली नाही. पोरांना पुरावी म्हणून. काळी भाकरी खाऊन राहिल्या आणि तशाच झिजून गेल्या. ही गोष्ट तात्यांनी मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच सांगितली होती, आणि सांगताना देवघराकडं हात केला होता. तिथं देवांच्या शेजारी सोनाबाईंचं जातं होतं. रोज त्याला हळदकुंकू. त्या जात्याचं नाव घेऊनच तात्यांनी गिरणी घातली होती. आणि सोनाबाई सवाष्ण गेल्या म्हणून दरवर्षी पितृपक्षातल्या नवमीला खपलीची खीर. जे आईला जिवंतपणी मिळालं नाही ते तिच्या पानावर.

त्यांच्याशी भांडून मला काही साधणार नव्हतं. मी कॉलेजात गेल्यावर केतकीच्या ताटात काय पडतं, ते त्यांच्या हातात होतं. पथ्य दोन महिन्यांचं असतं तर मी रजा काढली असती. हे जन्माचं होतं. तात्यांनी मनावर घेतल्याशिवाय ते टिकणार नव्हतं.

सुहास म्हणाला, "एक चमचा खिरीनं काय होणार आहे? त्यांचं समाधान."

"एका चमच्याचं नाही ते," मी म्हणाले. "त्यानंतर ते बघणार आहेत."

दोन दिवसांनी प्रॅक्टिकल लवकर आटपलं आणि मी गिरणीच्या वाटेनं घरी आले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तात्या एकटेच होते, भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या. त्यांनी एका पितळी डब्यातली ज्वारी गिरणीच्या तोंडात ओतली आणि खाली तोच डबा लावला. डबा आमच्या घरचा होता.

"केतकीची का?" मी विचारलं.

"मग दुसऱ्या कुणाची? तिची मी स्वतः दळतो. दुसऱ्याला हात लावू देत न्हाई."

कापडी नळीतून पीठ यायला लागलं. मी सहज हात खाली धरला. पीठ कोमट होतं. आणि तांबूस. दोनतीन मुठी तांबूस पीठ पडलं, मग ते फिकं होत गेलं आणि मग ज्वारीचं पांढरं पीठ पडायला लागलं.

"तात्या, ह्याच्या आधी काय दळलं?"

"खपली." त्यांचा चेहरा खुलला. "तिची ज्वारी मी कधी बाजरीवर टाकत न्हाई, कडवट होती. मक्यावर न्हाई. रोज खपली दळून झाली की लगेच तिची. मानाचा नंबर हाय तिचा."

मी हातातलं पीठ त्यांच्यापुढं धरलं. ते बघून ते हसले. "तेवढं लागायचंच. पाट्याला राहिलेलं येतं आधी. त्यानं भाकरीला गोडी येती, आणि तुटत न्हाई."

मी खाली बसले. गव्हाच्या पोत्यावरच बसले, दुसरं काही नव्हतं.

"एवढ्यानंही होतं," मी म्हणाले. "चिमूटभर पुरतो."

"चिमूटभर? वाडवडिलांच्या पोटात पोतीच्या पोती गेली, आणि चिमटीनं पोरगी वाळती?"

"वाडवडिलांचं मला माहीत नाही. हिचं माहीत आहे."

गिरणी चालू होती. त्यांनी बटण दाबून ती बंद केली. पट्टा थांबायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे मीच माझ्या नातीला विष घालतोय, असं म्हणायचंय तुला."

"तसं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

मी सौम्य शब्द शोधले. सापडले नाहीत. "रोज थोडा गहू तिच्या पोटात जातोय, असं म्हटलं."

तात्यांनी डबा काढून बाजूला ठेवला, त्यावर झाकण घट्ट बसवलं. मला वाटलं पटलं. धीर करून मी म्हणाले, "देवघरातलं जातं देता का? केतकीपुरतं मी घरी दळीन."

"त्या जात्याचं नाव काढायचं न्हाई. आईनं त्याच्यावर सोळा माणसांचा गहू दळला, आणि स्वतः एक घास खाल्ला न्हाई. त्याच्यावर तू आता गहू वर्ज्य म्हणून ज्वारी दळणार?" मग हिशेबी आवाजात, "आणि तुझ्याच म्हणण्यानं ते बी चालायचं न्हाई. जन्मभर गहू दळलेला दगड. मुरलेला असंल त्यात."

हे बरोबर होतं.

त्या दिवसापासून मी ज्वारी घरी मिक्सरवर काढायला लागले. पीठ रवाळ व्हायचं, भाकरी थापताना चिरायची, केतकी कडा सोडून मधलं तेवढं खायची. पंधरवड्यानं तिचे जुलाब थांबले. मी ते तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हवा बदलली." पण त्या दिवसांत त्यांनी तिला तागडीत बसवलं नाही आणि तिच्याशी नेहमीसारखं बोललेही नाहीत. ती गिरणीच्या दारात जाऊन उभी राहायची आणि ते म्हणायचे, "तुझ्या आईला विचार आत येऊ का. पीठ उडतंय हितं."

नवमीला सकाळी आक्का आल्या. तात्यांची थोरली बहीण, मसूरला दिलेली. दरवर्षी आईच्या तिथीला सवाष्ण म्हणून त्याच जेवायच्या. एसटीतून उतरून चालत आल्या, पायरीवर पिशवी टेकवली आणि बसल्या.

"मारत्या, सुकलास की रं. गिरणी चालती का न्हाई?"

"चालती. तुझा म्हातारा कसा हाय?"

"टिकवून ठेवलाय तुझ्या खिरीसाठी. तो गेला तर मला हितं जेवायला कोण बसवतंय?" त्यांनी केतकीला जवळ ओढलं. "आणि ही काय गं, चिमणीएवढीच? मागल्या साली हीच उंची हुती."

"पोट बिघडतं तिचं," तात्या पटकन म्हणाले. आक्कांना आत्तापर्यंत एवढंच सांगितलेलं होतं.

स्वयंपाकघरात खीर शिजत होती. खपली आदल्या दिवशीच कांडून भिजवलेली, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा. वासानं घर भरलं होतं. केतकीसाठी मी वेगळ्या चुलीवर भात टाकला होता. पान मांडून झालं, तात्या सोवळ्यानं आले. त्यांनी एका लहान वाटीत पळीभर खीर घेतली आणि केतकीपुढं ठेवली. चमचाही ठेवला.

"नैवेद्याच्या आधीच?" सुहास दारातून म्हणाला.

"लेकराला चालतं. पणजी काय रागवायची न्हाई. खा गं."

केतकीनं वाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिला खीर फार आवडायची.

"नको तात्या," मी म्हणाले.

"आज मी तुला विचारत न्हाई, शैलजा."

"मला माहीत आहे. तरी नको."

केतकीनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. मला त्या क्षणी कळलं की ती खाणार नाही, मी परवानगी दिली तरी नाही, आणि तात्यांनाही ते कळलं. त्यांचा चेहरा उतरला. रागावण्यापेक्षा ते वाईट होतं.

"काय चाललंय काय तुमचं?" आक्का म्हणाल्या. "पोरीला झालंय तरी काय? मला कुणी नीट सांगंल का? मी काय परकी हाय?"

मी सांगितलं. जमेल तेवढं साधं करून. गहू खाल्ला की पोट फुगतं, जुलाब होतात, तोंडात फोड येतात, रक्त वाढत नाही, उंची थांबते.

आक्कांनी केतकीची वेणी हातात घेतली. शेंडा बोटांत चोळला. केस कडक होते, तेल राहायचंच नाही त्यांत.

"तोंड उघड बाळ." त्यांनी वाकून आत पाहिलं. "पिंढऱ्या दुखतात का गं? निजताना?"

"हो," केतकी म्हणाली. "पण मी सांगत नाही. आई घाबरते."

मला ते माहीत नव्हतं. मी आक्कांकडं पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी वेणी खाली सोडली, नीट पाठीवर घातली.

"मी दाबायची आईच्या," त्या म्हणाल्या.

तात्या पाटावर बसले होते ते तसेच राहिले.

"मारत्या, आई काळी भाकरी का खायची, ठाऊक हाय तुला?"

"आपल्याला पोळ्या पुराव्यात म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी. सगळेच म्हणायचे."

"मेल्यावर म्हणायला लागले. ती जिती हुती तवा काय म्हणायचे ते तुला कुठलं आठवणार, तू शेंबडा हुतास. नखरेल म्हणायचे तिला. डोंगरातनं आली, नाचणी खाऊन वाढली, आणि हितं येऊन गव्हाला नाक मुरडती." आक्का माझ्याकडं वळल्या. "पाटणच्या वरल्या अंगाला माहेर हुतं तिचं, कोयनेच्या काठी. लग्न होऊन आली आणि पहिल्या सालीच हे असं पोट. आजी म्हणायची, सवय हुईल. झाली न्हाई. मग मामा दर सुगीला नाचणी आणून टाकायला लागला, बैलावर घालून. नाचणी खायला लागली की आई ठणठणीत."

"ती उपाशी राहायची," तात्या म्हणाले. "आपल्यासाठी."

"उपाशी? अरं, शेरभर पिठाची भाकरी हाणायची ती, वर कांदा. आजी म्हणायची, हिला पोसण्यापरीस बैल पोसला असता."

केतकीला हसू आलं. तिनं ते हातानं झाकलं.

"मग गेली कशानं?" तात्यांनी विचारलं. आवाज खाली गेला होता.

"धरण झालं की रं." आक्का म्हणाल्या. "मामाचं गाव पाण्यात गेलं. माणसं सोलापूरकडं उठवली. नाचणी यायची बंद झाली. बाबा म्हणाले, घरात कणग्या भरल्यात आणि मी काळं धान्य इकत आणू? मग आई घरचीच ज्वारी खायला लागली. स्वतःहून पोळी न्हाई खाल्ली तिनं तरी बी. ज्वारीच. पण खाली जात गेली ती वर आलीच न्हाई."

मी काही बोलणार होते. तात्यांनी माझ्याआधी विचारलं.

"ज्वारी कुठल्या जात्यावर?"

"मोठ्या, सगळ्या घराच्या. दुसरं कुठलं? तिच्या हातात जोर कुठं राहिला हुता? जावा दळून द्यायच्या. पहाटं गहू दळायच्या, त्याच्यावर ज्वारी."

तात्यांनी वाटीकडं पाहिलं. मग म्हणाले, "शेवटी शेवटी मी माझी पोळी द्यायचो तिला. साखर घालून, गुंडाळी करून."

"द्यायचास."

"ती खायची."

"तू समोर बसायचास म्हणून खायची," आक्का म्हणाल्या. "गप आता. तुला काय कळत हुतं? आम्हा थोरांना तरी कुठं कळलं?"

तात्या उठले आणि देवघरात गेले. आम्ही स्वयंपाकघरातच थांबलो. आतून दगड दगडावरून सरकल्याचा आवाज आला. जातं तिथं ठेवल्यापासून त्याचा वरचा दगड कुणी उचललेला नव्हता. नुसतं हळदकुंकू वाहायचं, ते वरच्या वर. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली.

"शैलजा."

मी गेले. त्यांनी वरचा दगड भिंतीशी उभा केला होता आणि खालच्या दगडावरून बोटं फिरवत होते. गिरणीच्या पाट्यांना टाकी, छिन्नीच्या बारीक खाचा, ते स्वतःच्या हातानं लावायचे, त्यासाठी कारागीर कधी बोलावला नाही. दगड वाचायला त्यांना डोळे लागत नसत.

"हात लाव," ते म्हणाले. "टाकी बघ केवढी बारीक हाय. गव्हाला अशी टाकी घालत न्हाईत. हे नाचणीचं जातं. ह्याच्यावर गहू पडलाच न्हाई कधी."

बारीक, जवळजवळ घातलेल्या रेघा होत्या, मधून कडेकडे गेलेल्या. इतक्या वर्षांनीही बोटांना स्पष्ट लागत होत्या.

"तिचं स्वतःचं हुतं ते," आक्का मागून म्हणाल्या. "माहेरनं आणलेलं. त्याला गहू शिवू द्यायची न्हाई ती. त्याच्यावरनंच तर भांडणं व्हायची."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हे दुखणं तिचंच का? केतकीचं? आईचंच आलंय तिच्यात?"

मी शास्त्र शिकलेली, म्हणून मला विचारत होते. नेमकं सांगणं भाग होतं. "शक्य आहे," मी म्हणाले. "हा दोष रक्तातून उतरू शकतो. पण त्यांची तपासणी काही आता होणार नाही, तेव्हा खात्रीनं मी सांगू शकत नाही."

"तुझी खात्री तुझ्यापाशी राहू दे," तात्या म्हणाले आणि दगडावर हात ठेवला. "माझी झाली."

मग ते स्वयंपाकघरात आले, केतकीपुढची वाटी उचलली आणि आक्कांच्या पुढ्यात ठेवली. नैवेद्याच्या पानावर वाढलेली खीरही त्यांनी उतरवली.

"सुहास, बाजारात जा. नाचणी आण. सुटी आणू नको, गव्हाच्या मापानं मापलेली असती. बंद पोतं आण."

"पोतं?"

"पोतं. लहान मिळालं तर लहान."

"नैवेद्याची वेळ टळेल तात्या," सुहास म्हणाला.

"आई एवढी वर्षं थांबली," आक्का म्हणाल्या. "अजून घटकाभर थांबंल. जा तू."

दुपार कलायला लागली तेव्हा नाचणी आली. तोवर तात्यांनी दगड धुऊन, पुसून, उन्हात वाळवले होते. जातं पडवीत मांडलं. एका बाजूला आक्का बसल्या, समोर तात्या. जात्यावर बसलेला पुरुष मी तोवर पाहिला नव्हता, आणि तात्यांनाही ते जमत नव्हतं. त्यांचा हात उलट्या बाजूनं ओढ घ्यायचा.

"बटण न्हाई त्याला," आक्का म्हणाल्या. "माझ्याबरुबर फिरव. मूठ घाल गं केतके. एवढी नको, जरा कमी."

केतकीनं नाचणी घातली. जातं फिरायला लागलं. कडेनं बारीक, तपकिरी पीठ पडायला लागलं. ते ताटात गोळा करायला मी हात पुढं केला.

"थांब," तात्या म्हणाले. "पहिलं पीठ काढून टाक. ठेवणीतला दगड हाय. दुसऱ्यांदाचं धर."

मी ते काढून टाकलं. त्यांनी मला ते सांगितलं, हे मी कधी विसरले नाही. त्या एका वाक्यानंतर मी निश्चिंत मनानं कॉलेजात जायला लागले.

पहिली भाकरी सोनाबाईंच्या पानावर गेली, वर कांदा ठेवून. तात्यांनी पान परसात नेऊन ठेवलं. कावळा आला की नाही ते मी पाहिलं नाही. मी तव्यापाशी होते. दुसरी भाकरी केतकीची. तिनं ती कडांसकट खाल्ली आणि आणखी मागितली. खिरीची सगळी काळजी आक्कांनी घेतली. जाताना म्हणाल्या, पुढल्या वर्षी माझ्यापुरती तरी करा, मला कुठं गहू बाधतो.

आता केतकी पुण्यात शिकते. उंचीनं माझ्यापुढं गेली आहे. दर महिन्याला कराडहून तिचं पीठ जातं. गिरणीला लागून तात्यांनी पुढं दुसरी, लहान गिरणी घातली, मध्ये भिंत घालून. तिच्यावर गहू चढत नाही. साताऱ्याहून, इस्लामपुरातून माणसं तिथं दळायला येतात, बहुतेकांबरोबर एखादं किडकिडीत मूल असतं. तात्या त्यांना अजूनही आधी मूळ गाव विचारतात. आता फक्त आणखी एक प्रश्न वाढला आहे, "आणि आजीचं माहेर?"

मी एकदा त्यांना म्हणाले होते, "म्हणजे तुमचा सिद्धांत गेला ना तात्या?"

"का जाईल?" ते म्हणाले. "वाडवडिलांचं खावं हे खरंच हाय. मी वाडवडील चुकीचे धरले हुते. बापाकडचेच मोजत बसलो."

शास्त्र इतकं सरळ नसतं. पण ह्यावर मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

मला आठवते ती त्या वर्षीची संक्रांत. केतकीला गिरणीत येणं बंद होतं, म्हणून तात्यांनी तागडीच बाहेर आणून पडवीच्या तुळईला टांगली होती. नवमीनंतर त्यांनी तिला पहिल्यांदाच बसवलं. मी तिळगुळाचं ताट घेऊन दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

दहाचं ठेवलं. पाचाचं. दोनाचं. केतकीचं पारडं खालीच. त्यांनी एकाचं ठेवलं. खालीच. तात्या वाकले, पारडं कुठं अडकलंय का ते पाहिलं, साखळी सोडवून पुन्हा लावली.

"तात्या, मी पाय टेकवले नाहीत," केतकी म्हणाली.

"गप बस. हलू नको."

ते सरळ उभे राहिले. एक हात तागडीच्या दांडीवर होता, दुसरा रिकामा, माझ्याकडं पसरलेला.

"शैलजा, आतनं अर्ध्याचं वजन आण जरा." मी वळले. "न्हाईतर असं कर, एकाचं दुसरं आण."

मी दोन्ही घेऊन आले.